काच फुटली
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सांगितलं, "शाळेत शिकलेली आणि नोकरीत उपयोगी पडलेली एक गोष्ट सांग, पाच मिनिटांत." मी इंजिनिअर, तेव्हा गणितावर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. मी पॅसिव्ह व्हॉइसवर बोलणार आहे. दचकू नका, परीक्षा नाही.

आपल्याला इंग्रजी पाचवीपासून. पुढे 'चेंज द व्हॉइस' आलं तेव्हा आपण युक्ती पाठ केली. कर्म पुढे आणा, 'इज' नाहीतर 'वॉज' लावा, क्रियापदाचं तिसरं रूप घ्या आणि कर्त्याला 'बाय' लावून शेवटी ढकला. मार्क मिळायचे. माझा गोंधळ वेगळाच होता. मराठीच्या तासाला 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग, आणि इंग्रजीच्या तासाला 'राम एट अ मँगो' हा ॲक्टिव्ह! मला वाटायचं, दोन्ही बाईंपैकी कुणाचं तरी चुकतंय. कुणाचंच चुकत नव्हतं. मराठीत क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, म्हणून तो कर्मणी. पण राम आपल्या जागेवरच असतो. इंग्रजी पॅसिव्हमध्ये त्याला जागा सोडावी लागते. त्याच्या जवळचं आपलं वाक्य म्हणजे 'रामाकडून आंबा खाल्ला गेला'. असं घरात कोण बोलतं?

मग एक दिवस वर्गाची काच फुटली. इंग्रजीच्या बाई आल्या आणि आपण एका सुरात म्हणालो, "बाई, काच फुटली." बाई, तुम्ही रागावला नाहीत. फळ्यावर तीन वाक्यं लिहिलीत. 'द विंडो ब्रोक.' 'द विंडो वॉज ब्रोकन.' आणि तिसऱ्यात आधी रिकामी जागा, मग 'ब्रोक द विंडो'. म्हणालात, पहिल्यात काच आपली आपणच फुटली. दुसऱ्यात कुणीतरी फोडली हे कबूल आहे, फक्त 'बाय' गिळलाय. तिसरं तुम्ही पूर्ण करा. (जागा भरली गेली नाही. जिथे नाव यायचं तो आज तिसऱ्या रांगेत बसून हसतोय.)

नोकरीला लागून बरीच वर्षं झाल्यावर एका रात्री मी चुकीच्या डेटाबेसवर स्क्रिप्ट चालवली. ग्राहकांच्या नोंदी पुसल्या गेल्या. बॅकअप होता, सकाळपर्यंत सगळं परत आलं. रिपोर्ट मीच लिहिला: 'अ स्क्रिप्ट वॉज रन ऑन द राँग डेटाबेस.' व्याकरण निर्दोष, एक शब्द खोटा नाही. मीटिंगमध्ये साहेबांनी तो वाचला आणि गिळलेला 'बाय' स्वतःच भरला, त्या रात्री ड्युटीवर असलेल्या नव्या मुलाच्या नावाने. तो गप्प बसला. मीही गप्प बसले, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना मेल केली, 'आय रॅन इट.'

पॅसिव्ह वाईट असतो असं नाही. चोर माहीतच नसेल तर 'द बँक वॉज रॉब्ड' हेच बरोबर. पण 1987 साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगन इराण प्रकरणाबद्दल बोलताना गंभीर चुका 'वर मेड' म्हणाले, तेव्हा कर्ता माहीत नव्हता म्हणून नव्हे. आमच्या धंद्यात आता रिपोर्टमध्ये कुणाचं नाव लिहीत नाहीत, चूक शोधायची, माणसाला झोडपायचं नाही. पद्धत चांगली आहे. पण नाव नको म्हणजे कर्ता नको, असं नव्हे. 'ड्युटीवरच्या इंजिनिअरने' किंवा 'स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने' एवढं तरी लिहा, असं मी टीममध्ये सांगते. मुलं कुरकुरतात.

तो मुलगा आता दुसऱ्या कंपनीत आहे. दिवाळीला त्याचा फोन येतो. त्या दोन दिवसांचा विषय त्याने कधी काढला नाही, आणि मीही अजून काढलेला नाही.