ताजबागचा संदल आणि डब्लिनची मिरवणूक



माझा थोरला मुलगा आयर्लंडमध्ये नोकरीला आहे. 17 मार्चच्या संध्याकाळी त्याचा फोन आला, तो थेट डब्लिनच्या रस्त्यावरून. फोनच्या पडद्यावर नुसती गर्दी. ढोल वाजताहेत, बँड चाललाय, बापांच्या खांद्यांवर पोरं बसलीत आणि जिकडंतिकडं हिरव्या टोप्या, हिरवे झेंडे. ‘‘अब्बा, बघा, अगदी आपल्या संदलसारखं!’’ तो ओरडून सांगत होता. त्याची आई पडद्याकडे बघून म्हणाली, ‘‘एवढा हिरवा रंग? हे तर सगळे आपलेच दिसतात!’’

ते सगळे सेंट पॅट्रिकचे. पॅट्रिक हा पाचव्या शतकातला आयर्लंडचा संत. 17 मार्च हा त्याच्या मृत्यूचा दिवस मानतात आणि त्याच दिवशी त्याचा सण करतात. परक्याला याचं नवल वाटेल, आपल्याला वाटायचं कारण नाही. तुकाराम बीज काय किंवा आळंदीची समाधीची त्रयोदशी काय, संत गेला तो दिवसच आपणही मोठा मानतो. आमच्या ‘उर्स’ शब्दाचा तर मूळ अर्थच लग्न. साधू गेला म्हणजे आपल्या प्रियाला भेटला.

आता आमच्या नागपूरकडे येऊ. उमरेड रोडवरच्या ताजबागेत बाबा ताजुद्दीन यांचा दर्गा आहे. बाबा जन्मले कामठीत, 1861 साली. तरुणपणी फौजेत होते. पुढं ते भान हरपून फिरू लागले. 1892 मध्ये त्यांना नागपूरच्या पागलखान्यात टाकलं आणि सोळा वर्षं ते तिथंच राहिले. लोक त्यांच्या दर्शनाला पागलखान्याच्या दारात जात. 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सोडवून आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यावर आणलं. एका फकिरासाठी मराठा राजा जामीन राहिला, ही गोष्ट मला माझ्या अम्मीनं सांगितली, तेव्हा मी चौथीत असेन. मराठीत कविता लिहिता, तुम्ही मूळचे कुठले, असं मला अजूनही कोणी कोणी विचारतं. मी म्हणतो, सक्करदऱ्याचा.

मुलाला ही कैदेची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यानं मला पॅट्रिकची ऐकवली. पॅट्रिक मुळात आयरिश नव्हताच. तो रोमन ब्रिटनमधल्या बऱ्या घरचा मुलगा. सोळाव्या वर्षी लुटारूंनी त्याला पकडून आयर्लंडला नेलं आणि गुलाम केलं. सहा वर्षं त्यानं तिथं गुरं राखली, मग पळून घरी गेला. आणि पुढं पुन्हा त्याच देशात, त्याच लोकांत, आपल्या पायांनी परत आला. हे त्यानं स्वतःच लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय. तीन पानांची तिपाती हातात धरून तो देवाचं त्रैक्य समजावून सांगे, ही मात्र मागाहूनची आख्यायिका. मला ती ऐकताना आपलं बेलाचं पान आठवतं.

गंमत पुढं आहे. डब्लिनची ही मोठी मिरवणूक फार जुनी असेल, असं मला वाटलं होतं. पण आयर्लंडमध्ये हा दिवस पुष्कळ वर्षं चर्चमध्ये जायचा आणि घरी जेवायचा होता. 1960 च्या सुमारापर्यंत त्या दिवशी दारूचे गुत्तेसुद्धा कायद्यानं बंद असत. वाजतगाजत मिरवणुका काढल्या त्या घर सोडून गेलेल्यांनी. न्यू यॉर्कमध्ये 1762 साली इंग्रजांच्या फौजेतले आयरिश शिपाई या दिवशी मिरवत निघाले. शिकागोत 1962 पासून नदीचं पाणी हिरवं करतात. सांडपाण्याची गळती शोधायला प्लंबर जो रंग वापरत, त्यावरून ही कल्पना सुचली. डब्लिनचा आजचा मोठा महोत्सव तर 1996 चा! परदेशी गेलेल्या लेकरांनी आईला तिचाच सण मोठा करून परत पाठवला म्हणायचा.

आपल्या पुण्यातही या संताचं नाव आहे. लष्कर भागातलं सेंट पॅट्रिक चर्च 1850 मध्ये उभं राहिलं, ते तिथल्या आयरिश शिपायांसाठी. मुलखापासून हजारो मैलांवर, परक्याच्या फौजेत चाकरी करणाऱ्या त्या पोरांना 17 मार्चला कसं वाटत असेल?

कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेराट या चिमुकल्या बेटाची गोष्ट मात्र अंगावर येते. तिथं आयरिश मळेवाले होते आणि त्यांचे आफ्रिकी गुलाम. 1768 साली गुलामांनी उठावासाठी 17 मार्च निवडला, कारण मालक त्या दिवशी पिऊन पडलेले असणार. बेत फुटला, गुलामांना फासावर चढवलं. आज त्या बेटावर 17 मार्चला सुट्टी असते. ती संताचीही आणि त्या गुलामांचीही. जो संत स्वतः गुलाम होता, त्याच्याच दिवशी हे घडावं!

बाबांचा दिवसही असाच पांगला. आंध्रातल्या विजयनगरमला त्यांचे शिष्य खादर बाबा यांचा दर्गा आहे. बाबांच्या सहवासात वाढलेले त्यांचे नातू कलंदर बाबा फाळणीनंतर कराचीला गेले, त्यांच्या सिलसिल्यातली माणसं पार इंग्लंडपर्यंत पोचली आहेत.

आमच्या घरचं सांगायचं तर, थोरला जन्मला तेव्हा अम्मीनं मन्नत मागितली होती की दर उर्साला याच्या हातची एक चादर जाईल. ती आहे तोवर तसंच झालं. गेली चार वर्षं चादर मी नेतो. माझा धाकटा भाऊ म्हणतो, हे सगळं धर्मात बसत नाही. तो दर्ग्यात पाऊल टाकत नाही, पण उर्साच्या लंगरला वाढायला सगळ्यांच्या आधी हजर! त्याच्याशी मी वाद घालत नाही. मुलगा फोनवर म्हणतो, ‘‘अब्बा, तारीख सांगा, रजा टाकतो.’’ तारीख सांगणंच तर अवघड! उर्स मोहर्रमच्या 26 तारखेचा. तो चंद्राबरोबर दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो. 1999 मध्ये मे महिन्याच्या उन्हात आला होता, संदलवाल्यांचे पाय भाजत होते. 2025 मध्ये जुलैत आला. मी चादर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पोटाशी धरून चिखलातून नेली. पिशवीवर थोरल्याचं नाव लिहिलं होतं, ते पावसानं पुसलं.

परवा बसून मी हिशेब मांडला. 2004 साली उर्स 17-18 मार्चलाच आला होता. त्या वर्षीच्या संदलमध्ये थोरला माझ्या खांद्यावर होता. असा योग पुन्हा 2036-37 च्या सुमारास. मी तेव्हा पासष्टीच्या पुढं असेन. हे मुलाला कळवलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘‘तोवर नाही थांबायचं अब्बा. पुढच्या उर्साची अंदाजे तारीख तरी सांगा.’’

कॅलेंडरवर तीन तारखांना पेन्सिलीनं गोल करून त्याचा फोटो त्याला पाठवलाय. चंद्र दिसला की त्यातल्या दोन खोडीन.