रक्त पडतंय ते सगळं मूळव्याधीचंच नसतं

(मुरुम, ता. उमरगा इथल्या मेळाव्यात आरोग्य गटानं केलेलं भाषण. जंगलपट्ट्यातल्या गावांनाही उपयोगी पडेल म्हणून इथं छापत आहोत.)



गायरानाचं आणि वनपट्ट्यांचं बोलायला जमलेल्या मेळाव्यात संडासातल्या रक्ताचं काय काढलंय, असं काहींना वाटेल. पण दाव्याची फाइल घेऊन तहसीलला हेलपाटे घालायचे तर अंगात रक्त लागतं. आणि वस्त्यांवर फिरताना आम्हाला सारखं हेच दिसतं, की परसाकडं रक्त पडतंय हे माणूस वर्ष-दोन वर्षं कुणाला सांगत नाही. बाई तर नवऱ्यालाही सांगत नाही. फारच विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मूळव्याध हाय, दुसरं काय!"

आधी मूळव्याध म्हणजे काय ते बघू. संडासच्या जागी आतून शिरांच्या मऊ गाद्या असतात. त्या सगळ्यांनाच असतात. फार कुंथलं, जड ओझी उचलली किंवा बाई पोटाशी असली की त्या फुगतात. फुगलेल्या गादीला कडक खडा घासला की रक्त येतं. आता आपली कामं बघा. ऊसतोडीला गेलं की कोपीवर संडास नाही, पाणी लांब. बाया अंधार पडेपर्यंत दाबून धरतात, आणि जावं लागू नये म्हणून पाणीच कमी पितात. वर डोक्यावर मोळी. मग खडा होणार नाही तर काय? याला कुणी उष्णता म्हणतं, कुणी नशीब म्हणतं. आम्ही म्हणतो, हे अशा राबण्यातून आलेलं दुखणं आहे.

पण रक्त पडायची कारणं बरीच आहेत, आणि रक्त कसं पडतं त्यावरून अंदाज बांधता येतो.

लालभडक रक्त, संडास झाल्यावर थेंब थेंब टपकतं, दुखत नाही: बहुतेक वेळा मूळव्याध. कधी कोंब बाहेर येतो आणि आत जातो.

बसताना सुरीनं कापल्यासारखी कळ, नंतर तास-दोन तास आग, रक्ताची बारीक रेघ: ही चीर. खडा झाल्यानं जागा फाटलेली असते.

जवळ फोड, त्यातून पू, तो बरा होतो नि पुन्हा फुटतो: भगंदर.

पोटात मुरडा, शेंबडासारखी आव आणि रक्त, कधी ताप: आवेचा आजार. घाण पाण्यातून, घाण हातांतून येतो. यात लहान लेकराला लवकर दवाखान्यात न्या.

लहान लेकराला न दुखता रक्त पडत असेल तर आत मांसाचा छोटा कोंब असू शकतो. तो काढता येतो.

डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची संडास: हे रक्त वरून, जठरातून आलेलं असतं. अंगदुखीच्या गोळ्या उपाशीपोटी रोज खाल्ल्यानं आणि दारूनं जठराला जखम होते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, त्याला घाबरू नका. पण गोळ्या चालू नसताना काळी झाली तर थांबू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रक्त संडासमध्ये मिसळून येतंय, संडासची सवय बदललीय, जाऊन आलं तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, वजन उतरतंय, थकवा येतोय, यातलं काही असेल तर तो आतड्याचा कर्करोगही असू शकतो. चाळिशीनंतर धोका वाढतो, पण तरण्या माणसालाही होतो. आणि ज्याला मूळव्याध आहे त्याला कर्करोग होणार नाही असा काही नियम नाही. म्हणून नुसतं "मूळव्याध आहे" म्हणून विषय मिटवायचा नाही.

बायांनी आणखी एक बघावं. लुगड्याला लागलेलं रक्त नक्की कुठलं? पाळी गेलेल्या बाईला अंगावरून रक्त जात असेल तर ती वेगळी तपासणी. १९९९ पासून आपल्याच जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयानं आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयानं गावोगावच्या बायांची गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी केली होती. अभ्यासात १ लाख ३१ हजारांवर बाया होत्या. एका गटाची विषाणूची तपासणी एकदाच झाली. त्या गटात या कर्करोगानं झालेले मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या निम्म्याच्या आसपास राहिले. हा आजार वेगळा, पण त्यातून घ्यायचं ते तेच: लवकर सापडलं तर जीव वाचतो.

घरी काय करायचं? पाणी भरपूर. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ, शेंगा. रात्री इसबगोल घेतलं तर चालतं, पण त्यावर पाणी जास्त प्यायचं. जोर लावून कुंथायचं नाही. घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसायचं, चिरेला आराम पडतो. तंबाखू, मिश्री, दारू कमी करत बंद करा.

काय करायचं नाही? तिथं बिब्बा लावायचा नाही, डाग द्यायचा नाही. बाजारच्या दिवशी बोर्ड लावून "एका इंजेक्शनात मूळव्याध गायब" म्हणणाऱ्याकडं जायचं नाही. शेळी विकून, मुकादमाची उचल घेऊन असले उपचार झालेत, आणि माणूस आधीपेक्षा जास्त आजारी पडलाय.

दवाखान्यात डॉक्टर हातमोजा घालून बोटानं तपासतात. दोन मिनिटांचं काम आहे. लाज वाटते हे खरं. बाईला तपासताना सोबत बाई हवी म्हणून सांगा, तो तुमचा हक्क आहे. बोटानं न तपासता नुसती गोळ्यांची पुडी हातात दिली तर विचारा, "तपासणार न्हाई का?" रक्ताचं प्रमाणही मोजून घ्या. थोडं थोडं पडत राहिलं तरी वर्षभरात अंग पांढरं पडतं, चढ चढताना धाप लागते. गरज पडली तर पुढं दुर्बिणीची तपासणी असते.

दंडाची पावती आपण दाव्यासाठी जपून ठेवतो, तसंच हेही लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घ्या: कधीपासून, कसलं, किती, दुखतं का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. तारखा पुढं ठेवल्या की डॉक्टरला नीट ऐकावं लागतं.

पैशाचं म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पैसे मागितले तर पावती मागा आणि संघटनेला कळवा. रक्त धो धो पडतंय, चक्कर येतेय, घाम फुटतोय, तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका.

पुढच्या ग्रामसभेत दोन मागण्या मांडू. वस्तीवर महिन्यातून एकदा रक्ताचं प्रमाण मोजणारं पथक यावं. आणि कारखान्यानं कोपीवर पाण्यासकट संडास द्यावा, बायांसाठी वेगळा. या दोन्ही मागण्या जमिनीच्या मागणीच्या खालीच, त्याच कागदावर लिहायच्या.

जिंदाबाद!