उवेचा ताप आणि जगाचा कायदा



मी डॉक्टर नव्हे. कामगारांत वावरताना जे वाचले, त्यातले थोडे आपणांपुढे ठेवतो. टायफस म्हटले की पुष्कळांना टायफॉइड आठवतो. पण हे दोन रोग निराळे. टायफस रिकेट्सिया जातीच्या जंतूंनी होतो आणि त्याचा एक प्रकार अंगावरची ऊ पसरवते.

ट्यूनिसच्या इस्पितळात शार्ल निकोल यांनी एक गोष्ट हेरली. दाराबाहेर रोगी इतरांना रोग देई, त्याचे कपडे हाताळणाऱ्यांनाही देई. पण आंघोळ घालून, कपडे बदलून आत निजवला की देत नसे. म्हणजे रोग कपड्यांत होता! १९०९ मध्ये त्यांनी उवेचा अपराध सिद्ध केला. आता सांगा, ही ऊ पोसली जाते कोणाच्या अंगावर? ज्याला बदलायला दुसरा सदरा नाही, त्याच्या.

पहिल्या महायुद्धानंतर रशिया व पोलंडात टायफसने कहर केला. राष्ट्रसंघाने १९२० मध्ये साथनिवारण आयोग नेमला. मार्च १९२२ मध्ये वॉर्सा येथे परिषद भरली. राष्ट्रसंघाबाहेरचे जर्मनी व सोव्हिएत रशियाही तिला आले. उवेला सरहद्द नसते, एवढे मुत्सद्द्यांना उमगले.

१९५१ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य-नियमांत उवेचा टायफस सहा रोगांपैकी एक होता. १९६९ मध्ये त्याचे नाव वगळले. बंदरांची भीती सरली. गरिबांची सरली काय? १९९० नंतरच्या दशकात बुरुंडीत यादवीने छावण्यांत लोटलेल्या माणसांत तो पुन्हा उसळला.

त्याचा भाऊबंद स्क्रब टायफस त्या यादीत कधीच नव्हता. माणसाकडून माणसाला तो लागत नाही. मग बंदरावर अडवायचे कोणाला? झुडपांतल्या बारीक माइटची अळी चावते आणि ताप चढतो. २०१८ मध्ये नागपूर भागात त्याने बळी घेतले. डॉक्सिसायक्लिनसारखे स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर माणूस वाचतो. अडते ते रोग ओळखण्यापाशी. चावल्या जागी काळी खपली दिसतेच असे नाही.

म्हणून माझे मागणे लहान आहे. तापाने फणफणलेला मजूर दवाखान्यात आला, की त्याला विचारा, "बाबा, काम काय करतोस?" गवत कापतो, रानात राबतो, हे उत्तर नोंदवहीत लिहा आणि या रोगाची शंका घ्या. जिनीव्हाचे तक्ते अखेर अशाच नोंदींतून भरतात. जो मजूर नोंदवहीत नाही, तो जगाच्या हिशेबातही नाही.