लामांसाठी घर शोधताना
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



जीवदयेवर चार शब्द बोलावेत, अशी सूचना मला झाली तेव्हा मी पांजरपोळाविषयी बोलेन, अशीच आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज लामाविषयी बोलणार आहे. तिबेटातील धर्मगुरू नव्हेत. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात हजारो वर्षे ओझी वाहत आलेला, उंटाच्या कुळातला परंतु कुबड नसलेला प्राणी.

माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेतील ओरेगन राज्यात राहतो. त्याच्याकडे मुक्कामास असताना त्याच्या परिचयातील एका वयस्कर बाईंच्या शेतावर हे प्राणी मी प्रथम पाहिले. बंद पडलेल्या रँचवरील, म्हणजे तिकडच्या विस्तीर्ण पशुपालन मळ्यांवरील लामांना त्या आसरा देत आणि पुढे त्यांच्यासाठी कायमचे घर शोधत. जन्म कापडाच्या पेढीवर गेल्यामुळे माझा हात साहजिकच प्रथम लोकरीकडे गेला. वरचा केस भरड, आतील लव मऊ. दोन्ही वेगळे केल्याशिवाय चांगले सूत निघत नाही. मी हात लावताच तो प्राणी चार पावले मागे सरला. बाई म्हणाल्या, ‘‘हा रँचवर वाढलेला आहे. माणसाच्या हाताची त्याला सवय नाही.’’

हे प्राणी निराधार कसे झाले, ते ऐकताना माझ्यातील बी.कॉम. जागा झाला. १९७०-८० च्या दशकांत अमेरिकेत लामा पाळण्याची मोठी लाट आली. रोगाच्या भीतीने दक्षिण अमेरिकेतून होणाऱ्या आयातीवर दीर्घकाळ बंदी असल्याने पुरवठा अल्प होता. प्रजननक्षम मादीला हजारो डॉलर मिळत. निवडक नरांना लाखाच्यावर बोली लागली. तिकडील करकायद्यानुसार प्रजननासाठी घेतलेल्या जनावरावर यंत्राप्रमाणे घसाराही लावता येतो! परंतु या व्यापारात एक मोठी उणीव होती. लामा विकत घेणारा बहुधा पुढे लामा विकण्यासाठीच घेत असे. शेवटचे गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न कोणी विचारला नाही. १९९० नंतर भाव कोसळत गेले आणि २००८ च्या मंदीनंतर तर कित्येकांना फुकटही कोणी नेईना. यंत्र गोदामात पडून राहू शकते. लामा पंधरा-वीस वर्षे जगतो आणि त्याला रोज चारा लागतो.

केवळ दयाबुद्धीनेही हा प्रश्न सुटत नाही. २०१० च्या अखेरीस मोंटाना राज्यातील एक मोठे प्राणी-आश्रयस्थान निधीअभावी कोलमडले. तेथे शेकडो लामा होते आणि हिवाळा तोंडावर होता. ज्यांनी त्यांना आसरा दिला होता, त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. परंतु आवक थांबविण्याचे धैर्य तेथे झाले नसावे. अखेर निरनिराळ्या राज्यांतील स्वयंसेवक ट्रेलर घेऊन धावले आणि त्या जनावरांना दूरदूर घरे मिळवून दिली.

आता घर मिळवून देणे म्हणजे काय? आपल्याकडे मुलीसाठी स्थळ पाहताना जितकी चौकशी करतात, तितकी त्या बाई करीत. लामा हा कळपाचा प्राणी. एकट्याला द्यायचे नाही, निदान जोडी हवी. मेंढ्यांच्या कळपाबरोबर राखणदार म्हणून एकटा लामा चालतो, कारण मेंढ्यांनाच तो आपला कळप मानतो आणि कोल्ह्या-कुत्र्यांवर धावून जातो. नर असल्यास खच्ची केलेला असावा, अन्यथा तो झुंजतो आणि संख्याही वाढत राहते. उन्हाळ्यापूर्वी लोकर कातरणारा, नखे कापणारा आणि लामाची माहिती असलेला पशुवैद्य जवळपास आहे का, हे त्या स्वतः पाहून येत. लेखी करार होई : कत्तलीसाठी विकायचे नाही, पिले घ्यायची नाहीत, सांभाळणे अशक्य झाल्यास परत आणून द्यायचे.

एक गोष्ट मला नवीन होती. बाटलीने दूध पाजून, अति लाड करून एकटे वाढविलेले नर पिलू मोठेपणी माणसालाच आपल्या जातीचा प्रतिस्पर्धी समजून अंगावर येते. त्यापेक्षा रँचवर कळपात वाढलेला बुजरा लामा बरा. त्याला फक्त महिनोन्‌महिने धीर धरणारा माणूस हवा. प्रेमाचाही अतिरेक जनावराला बाधतो, हे मी साठी उलटल्यावर शिकलो.

हे सर्व पाहताना मला आमच्या पेढीची एक फाईल आठवत होती. काही वर्षांपूर्वी आम्ही चाळीस शेळ्या सोडवून एका संस्थेकडे पाठविल्या. पावती आली, ती फाईलला लागली. दोन वर्षांनी त्या बाजूस गेलो असता सहज चौकशी केली. त्या शेळ्यांचे काय झाले, हे तेथे कोणालाही सांगता आले नाही. दोष मी संस्थेला देत नाही. दोन वर्षांत मीही एकदा विचारले नव्हते. आपल्या विश्वस्तांना माझी विनंती आहे की, यापुढे जीवदया खात्याच्या वार्षिक अहवालात खर्चाच्या रकमेशेजारी ‘सोडविलेली जनावरे आज कोठे आहेत’ असा एक रकाना ठेवावा. तो भरण्याचे काम मी अंगावर घेतो.

माझ्या मुक्कामात एक निवृत्त शिक्षक दोन भावांपैकी एक लामा मागण्यास आले. जागा उत्तम, माणूस सज्जन. तरी बाईंनी नकार दिला. आठवड्याने गृहस्थ पुन्हा आले. कुंपण वाढविले आहे, दोन्ही नेतो, म्हणाले. ट्रेलरमध्ये धाकटा मुकाट्याने चढला. थोरला बराच वेळ खाली उभा राहून नाकातून गुणगुणल्यासारखा आवाज काढीत होता. कोणी त्याला ओढले नाही. बाई दोरी सैल धरून शेजारी उभ्या राहिल्या. वीस-पंचवीस मिनिटांनी तो आपण होऊन चढला. पुढील वर्षी मुलाने मला दोघांचे छायाचित्र पाठविले. त्या दोघांत शिक्षक उभे आहेत आणि थोरल्याच्या मानेवर त्यांचा हात आहे.

जय जिनेंद्र!