हाड जुळलं, दुखणं उरलं

गंभीर अपघातानंतर प्लास्टर निघतं, टाके सुकतात आणि घरचे म्हणतात, "सुटलो एकदाचे!" पण काही वर्षांनी गुडघा सुजू लागतो, जिना नकोसा होतो. हा मनाचा खेळ नव्हे. सांध्यापर्यंत गेलेल्या फ्रॅक्चरमुळे तिथली कूर्चा झिजते आणि संधिवात उशिरा डोकं वर काढतो.

अशा वेळी मनाने वेदनाशामक गोळ्या घेत राहू नका. मूत्रपिंड आणि जठर दोन्हींना त्यांचा त्रास होतो. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मांडीचे व्यायाम रोज करा, वजन आटोक्यात ठेवा. जिना चढताना आधी चांगला पाय टाका, उतरताना आधी दुखरा. काठी चांगल्या बाजूच्या हातात धरा. शौचालयात कमोडची सोय करून घ्या, त्यात कमीपणा मुळीच नाही.

शस्त्रक्रियेचे कागद आणि एक्स-रे जपून ठेवा. एमआरआयआधी शरीरातल्या रॉड-प्लेटची माहिती अवश्य द्या. जुन्या जखमेजवळ लाली, पू किंवा ताप आला, तर लगेच डॉक्टरांना गाठा.

डोक्याला मार बसलेल्या माणसाला पुढे विसरभोळेपणा, चिडचिड जाणवू शकते. हॉर्नच्या आवाजानेही काहींची छाती धडधडते, झोप उडते. त्यांना "आता विसर ते" असं म्हणू नका, त्यांचं ऐकून घ्या. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळतं.

कायमचं अपंगत्व आलं असेल, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. तो तुमचा हक्क आहे.