धक्क्यावरच्या भाषेचं व्याकरण

(न्हावा शेव्याच्या मित्रांसमोर केलेलं भाषण)



आज एका प्रोफेसराबद्दल बोलायचंय. नाव अरविंद जोशी. आडनाव ऐकून काही जणांनी तोंड वाकडं केलं, ते दिसलं मला. करा. पण पुरतं ऐका, कारण या माणसाचं काम आपल्या जिभेशी येऊन भिडतं.

जन्म पुण्याचा, १९२९ चा. १९५० ला तिथंच इंजिनिअर झाले, मग बंगलोर, मग अमेरिका. १९६० ला पेनसिल्व्हानिया विद्यापीठाची डॉक्टरेट, आणि पुढं तिथंच कॉम्प्युटर सायन्सचे प्रोफेसर. २०१७ च्या ३१ डिसेंबरला वारले. युनिव्हॅक नावाच्या जुन्या अवाढव्य कॉम्प्युटरला इंग्रजी वाक्य फोडायला शिकवणाऱ्या पहिल्या मंडळींत ते होते. १९७५ ला दोन जोडीदारांबरोबर त्यांनी नवं व्याकरण मांडलं: वाक्य म्हणजे झाड, आणि त्या झाडात मधेच दुसरं झाड बसवता येतं. आंब्याला कलम करतात तसं.

आपल्या कामाची गोष्ट १९८२ ची. प्रागच्या परिषदेत त्यांनी एक निबंध मांडला. विषय काय, तर एकाच वाक्यात मराठी आणि इंग्रजी मिसळून बोलणारी माणसं. असल्या बोलण्याला आपल्याकडं शिकलेले लोक ‘धेडगुजरी’ म्हणतात. शब्द नीट ऐका. धेड म्हणजे कोण? आपलेच बापजादे. भाषेला नाव ठेवायचं तर तिथंही आपलीच जात शिवी म्हणून वापरली.

जोशींनी दाखवलं की या मिसळीला नियम आहेत. वाक्य कुठल्या भाषेचं, यावर बोलणारा आणि ऐकणारा यांचं बहुतेक एकमत असतं. मराठी वाक्यात इंग्रजी नाम येईल, विशेषण येईल. पण ‘वर’, ‘मध्ये’ यांसारखे शब्द आणि काळ दाखवणारे प्रत्यय मराठीच राहतात.

तपासून बघू. क्रेनखाली मुकादम ओरडतो, ‘त्या ब्ल्यू कंटेनरवर चढ, लॅशिंग टाईट कर.’ चाललं? चाललं. आता हे ऐका: ‘दॅट निळ्या डब्या ऑन चढ.’ हसलात ना! कुणी शिकवलं होतं, की हे चालत नाही? कुठल्याच शाळेनं नाही. नियम तुमच्या डोक्यात आधीपासून आहे. जिथं नियम आहे, तिथं भाषा भ्रष्ट कशी?

माझी कविता एका संपादकानं परत पाठवली, ‘आधी भाषा शुद्ध करा’ म्हणून. मी एक शब्द बदलला नाही. तेव्हा नुसता राग होता. आता उत्तरही आहे.

जोशींनी हे आपल्यासाठी लिहिलं नाही. मिसळलेलं वाक्य मशीनला कसं कळेल, हा त्यांचा प्रश्न. असू दे. आणि त्यांच्या निबंधात मराठी-इंग्रजीच आहे. आपल्या धक्क्यावर उरणची आगरी, मराठवाड्याची बोली, बिहारी पोरांची भोजपुरी एकाच शिफ्टला घाम गाळतात. तिथं काय चालतं आणि काय चालत नाही, हे आपल्या कानाला कळतं. पुण्यात बसून नाही कळायचं, आणि फिलाडेल्फियात बसून तर नाहीच.

म्हणून एक काम देतो. वही घ्या. शिफ्ट सुटली की ऐकलेली पाच वाक्यं लिहा, जशी बोलली तशी, न सुधारता. पुढच्या बैठकीला घेऊन या. आपलं व्याकरण आपण लिहू.

जय भीम!