पेशींतली चूल

नव्या दिल्लीत कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे. समजा, मुंबईहून सरकारी कामासाठी आलेला एखादा गृहस्थ तेथे सकाळी बटाटेपोहे खाऊन इंडिया गेटच्या दिशेने चालू लागला. त्याचे पाय चालतात, हृदय ठोके देते, साहेबांपुढे विषय कसा काढावा याचा विचारही डोक्यात चाललेला असतो. या साऱ्याचा खर्च पुष्कळसा त्या पोह्यांतूनच भागावयाचा असतो. तो कसा भागतो, हे आज पाहू.

पोहे काय किंवा बटाटा काय, दोहोंत मुख्य भाग पिष्टाचा. पिष्ट म्हणजे ग्लुकोज साखरेच्या रेणूंची लांबच लांब माळ. ती तोंडातील लाळेपासूनच तुटू लागते. पुढे लहान आतड्यात तिचे मणी सुटे होतात आणि रक्तावाटे पेशींपर्यंत पोहोचतात. हीच साखर विस्तवावर टाकली तर क्षणात पेट घेते. पेशीला मात्र असला भडका परवडणारा नाही. तिला सदतीस अंशांच्या उबेत, पाण्याने भरलेल्या जागेत, ही साखर जाळावयाची असते. म्हणून ती साखर एकदम न जाळता पायरीपायरीने जाळते, आणि प्रत्येक पायरीवर एक स्वतंत्र विकर राबत असते.

पहिल्या दहा पायऱ्यांत ग्लुकोजचे दोन तुकडे होतात. येथवर प्राणवायू लागत नाही; पण पदरात पडते तेही थोडेच. मिळालेली ऊर्जा पेशी ए.टी.पी. नामक रेणूंच्या रूपाने बाळगते. शंभराची नोट घेऊन भाजीवाल्याकडे गेले तर सुट्या पैशांवाचून अडते. पेशीच्या बाजारात ग्लुकोज ही नोट आणि ए.टी.पी. ही मोड. १९२९ साली या रेणूचा शोध लावणाऱ्यांत आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव हेही होते, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. पहिल्या टप्प्यात एका ग्लुकोजमागे निव्वळ दोनच ए.टी.पी. हाती लागतात.

खरी कमाई पुढे, पेशीतील तंतुकणिकांत होते. तेथे त्या तुकड्यांतील कार्बन कर्बद्विप्राणिद वायूच्या रूपाने बाहेर पडतो आणि आपण तो उच्छ्वासाने टाकून देतो. या चक्राचा उलगडा हान्स क्रेब्स यांनी १९३७ साली केला. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन एका साखळीतून हातोहात पुढे सरकतात आणि शेवटी प्राणवायूच्या स्वाधीन होऊन पाणी बनते. विहिरीवरून घागरी हातोहात पोहोचविणाऱ्या माणसांची रांग आठवावी. या रांगेतच सुमारे तीस ए.टी.पी. गाठीला लागण्याची सोय होते. आपण श्वास घेतो तो मुख्यतः या शेवटच्या हातासाठी. सायनाइड नेमका तोच हात पकडून ठेवतो आणि प्राणवायू रक्तात भरपूर असूनही पेशी गुदमरते.

या रांगेत सायटोक्रोम-सी नावाचे, लोहयुक्त, छोटेसे प्रथिन आहे, आणि येथे एका मराठी विदुषीचे नाव घेणे भाग आहे. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांना १९३३ साली बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला, तोही सर चंद्रशेखर रामन यांच्याकडून! बाई हटल्या नाहीत. वर्षभर कसोटीवर काम करण्याची अट त्यांनी पत्करली आणि आपली योग्यता सिद्ध केली. पुढे केंब्रिजला रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी बटाट्यासारख्या वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी श्वसनाच्या कामी येते, हे दाखविले. सपुष्प वनस्पतींतील या यंत्रणेविषयी हिल आणि भागवत यांचे टिपण १९३९ साली 'नेचर' नियतकालिकात आले. त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. जाडजूड प्रबंधांचा अभिमान वाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे! तेव्हा आमच्या त्या गृहस्थाने खाल्लेला बटाटा शेतात असताना त्याच चुलीवर जगत होता, जिच्यावर आज तो गृहस्थ चालतो आहे.

त्याच वर्षी कमलाबाई दिल्लीस आल्या आणि येथील लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभागाची धुरा घेतली. पुढे कुन्नूरला पोषणविषयक संशोधन करून, विवाहानंतर १९४७ च्या सुमारास त्या मुंबईस गेल्या. तेथील विज्ञानसंस्थेत, डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून, त्यांनी नीरा हे पेय कुपोषितांच्या आहारात कितपत उपयोगी पडेल याचा अभ्यास केला. शिंदीच्या वा ताडाच्या झाडापासून मिळणारा हा रस गोड असतो, तो त्यातील साखरेमुळे. म्हणूनच नीरा सूर्योदयापूर्वी उतरवून थंड ठेवावी लागते. ती उन्हात राहिली की हवेतील यीस्टला आयती मेजवानी मिळते. प्राणवायूची टंचाई असली म्हणजे यीस्ट त्या पहिल्या दहा पायऱ्यांवरच थांबते, दोन ए.टी.पी.वर समाधान मानते आणि उरलेल्या तुकड्यांचे मद्य करून टाकते. मुलांना पाजावयाची नीरा दुपारपर्यंत ताडी झालेली असते.